जखम कोणाची खरी? – डॉ. फ्रान्झ फॅनन यांच्या जीवनावरून एक अभ्यास

वाचन : लूक १०:२५–३७

शुभवर्तमानकार लूक हा पेशाने वैद्य होता, असे मंडळी फार पूर्वीपासून मानत आली आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत फक्त लूकच सांगतो. वाटेत पडलेल्या जखमी माणसाकडे कोण पाहतो आणि कोण न पाहता पुढे जातो, हे वैद्याच्या नजरेला विशेष जाणवले असल्यास नवल नाही. या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही आणखी एका वैद्य-लेखकाचे जीवन निवडले आहे. ते आधी सैनिक होते, रणांगणावर जखमी झाले, मग डॉक्टर झाले आणि पुढे जगभर वाचली गेलेली पुस्तके त्यांनी लिहिली. त्यांचे नाव डॉ. फ्रान्झ फॅनन. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट होईल. डॉ. फॅनन श्रद्धावंत नव्हते. चर्चविषयी त्यांनी कडक शब्दांत लिहिले आहे, आणि हिंसेविषयीची त्यांची काही मते आपल्याला मान्य होण्यासारखी नाहीत. तरीही दुखणाऱ्या माणसाकडे कसे पाहावे, याचा जो धडा त्यांच्या दवाखान्यातून मिळतो, तो मंडळीतील प्रत्येकाने शिकण्यासारखा आहे. म्हणून वाचकांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आपले मत बनवावे, अशी आमची विनंती आहे.

१. सैनिक

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनीक बेटावर, फोर-द-फ्रान्स या शहरी झाला. बेट फ्रान्सच्या ताब्यात होते. वडील जकात खात्यात नोकरीस होते, आई दुकान चालवीत असे. एके काळी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचे हे वंशज. पण शाळेत त्यांना फ्रान्सचाच इतिहास शिकवला जाई आणि मुले स्वतःस फ्रेंच समजत.

१९४० साली फ्रान्सचा पाडाव झाला. मार्टिनीकवर जर्मनांशी जुळते घेणाऱ्या व्हिशी सरकारचा अंमल सुरू झाला. बंदरात अडकून पडलेले फ्रेंच खलाशी बेटावरच्या काळ्या लोकांशी उद्धटपणे वागू लागले. फ्रान्सचे हे रूप फॅनन यांनी प्रथमच पाहिले. तरीही त्यांचा फ्रान्सवरचा विश्वास उडाला नाही. खरा फ्रान्स स्वातंत्र्यासाठी लढतो आहे, अशी त्यांची समजूत होती. १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते समुद्र ओलांडून शेजारच्या डॉमिनिका बेटावर पळून गेले. पुढच्या वर्षी मार्टिनीकहून निघालेल्या स्वयंसैनिकांच्या तुकडीबरोबर ते प्रथम उत्तर आफ्रिकेत व तेथून फ्रान्सच्या रणभूमीवर गेले.

सैन्यात त्यांना वेगळेच शिक्षण मिळाले. तेथे माणसांची उतरंड होती. सर्वांत वर गोरे, त्यांच्याखाली वेस्ट इंडीजचे सैनिक, आणि तळाशी अरब व आफ्रिकन. १९४४ चा हिवाळा जवळ आला तेव्हा आफ्रिकन सैनिकांना आघाडीवरून काढून त्यांच्या जागी गोरे सैनिक भरण्यात आले. मार्टिनीकच्या सैनिकांना मात्र त्या हिशेबात युरोपीय धरून थंडीत आघाडीवरच ठेवले. त्यांची कातडी कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची समजायची, हे वरचा अधिकारी ठरवीत असे.

नोव्हेंबर १९४४ मध्ये पूर्व फ्रान्समध्ये उखळी तोफेच्या गोळ्याचे तुकडे लागून फॅनन जखमी झाले. त्यांना ‘क्रॉ द गेर’ हे शौर्यपदक मिळाले. त्यांच्या शौर्याच्या प्रशस्तिपत्रावर कर्नल राउल सालां यांची सही होती. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध जिंकण्याच्या बेतात असताना, या पदकधारी सैनिकाने आईवडिलांना पत्र लिहिले. आपण ज्या ध्येयासाठी घर सोडले ते पोकळ निघाले, असे त्यात होते. आपण परत आलो नाही, तर मुलगा चांगल्या कारणासाठी गेला असे म्हणू नका, अशी सूचनाही होती. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. शरीराची जखम सरकारने मान्य केली, तिची नोंद केली, तिला पदक दिले. ज्यांच्यासाठी रक्त सांडले त्यांनीच आपल्याला पूर्ण माणूस मानले नाही, ही दुसरी जखम कोणत्याही कागदावर नोंदली गेली नाही.

२. विद्यार्थी

युद्धानंतर फॅनन काही काळ मार्टिनीकला परतले आणि १९४६ मध्ये उच्च शिक्षणासाठी फ्रान्सला आले. लियों येथे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व मनोविकारांची शाखा निवडली. काळ्या माणसाच्या मनावर वर्णभेदाचा कोणता परिणाम होतो, या विषयावर लिहिलेला ग्रंथ ते पदवीच्या प्रबंधासाठी देऊ पाहत होते. तो स्वीकारला गेला नाही. तेव्हा त्यांनी मज्जासंस्थेच्या एका आनुवंशिक रोगावर दुसरा प्रबंध लिहिला आणि १९५१ मध्ये पदवी मिळवली. नाकारलेला ग्रंथ १९५२ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘काळी कातडी, गोरे मुखवटे’ असा होतो. आज त्या नामंजूर लिखाणाचा जगातील अनेक विद्यापीठांत अभ्यास होतो.

त्याच वर्षी ‘एस्प्री’ या फ्रेंच मासिकात त्यांचा एक लेख आला. कामासाठी फ्रान्समध्ये आलेला अल्जीरियाचा मजूर दवाखान्यात येतो. पोट दुखते म्हणतो, मग डोके दुखते म्हणतो, मग सगळेच अंग दुखते म्हणतो. डॉक्टर तपासतो, पण बोट ठेवून दाखवावे असे काहीच सापडत नाही. मग तो शेरा मारतो : ढोंगी, आळशी, काम टाळण्यासाठी आलेला. फॅनन यांचे म्हणणे असे की, येथे चूक डॉक्टरची आहे. त्याने तपासण्याआधीच ठरवलेले असते की हा माणूस खोटे बोलतो. हा राहतो कोठे, त्याची बायकामुले किती दूर आहेत, दिवसभरात त्याच्याशी कोणी गोडीने बोलते का, उद्याविषयी त्याला किती भय वाटते, हे डॉक्टरने विचारलेलेच नसते. दुखणे त्या माणसाच्या सगळ्या जगण्यात पसरलेले असते आणि डॉक्टर ते फक्त पोटात शोधतो.

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने येथे क्षणभर थांबावे. गरिबाचे दुखणे ढोंग आणि श्रीमंताचे दुखणे आजार, असा भेद करण्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही.

३. ब्लिदाचे इस्पितळ

शिक्षण संपल्यावर फॅनन यांनी सँ-आल्बां येथील मनोरुग्णालयात फ्रान्स्वा तोस्केल या डॉक्टरांच्या हाताखाली काम केले. स्पेनमधून परागंदा झालेल्या या डॉक्टरांचा सिद्धान्त असा की, रोगी बरा व्हायचा तर आधी इस्पितळ बरे झाले पाहिजे. रोग्याला खोलीत कोंडून ठेवले तर तो अधिकच बिघडतो. त्याला काम, सोबत, बैठक, सण, वर्तमानपत्र मिळाले, तर तो हळूहळू माणसांत परततो.

हीच पद्धत घेऊन फॅनन नोव्हेंबर १९५३ मध्ये अल्जीरियातील ब्लिदा येथील मोठ्या मनोरुग्णालयात रुजू झाले. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. तेथील वैद्यकावर प्रा. आंत्वान पोरो व त्यांच्या शिष्यांची छाप होती. अल्जीरियन मुसलमान जन्मतःच खोटारडा, रागीट व गुन्हेगारीकडे झुकणारा असून त्याच्या मेंदूची घडणच मागासलेली असते, असे ही मंडळी शास्त्र म्हणून शिकवीत. एका सबंध लोकसमाजाचे दुःख त्यांनी रोगलक्षणांच्या यादीत बसवून टाकले होते.

फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया व २२० मुसलमान पुरुष असे रुग्ण होते. त्यांनी दोन्ही वॉर्डांत नवी पद्धत सुरू केली. रुग्णांच्या सभा, चित्रपट, गाणी, हस्तकला, छोटेसे वर्तमानपत्र असा कार्यक्रम होता. स्त्रियांच्या वॉर्डात थोड्याच दिवसांत फरक दिसू लागला. पुरुषांच्या वॉर्डात काहीच घडेना. सभेला लोक मुकाट्याने बसत. हस्तकलेला हात लावीत नसत. सारे बोलणे दुभाष्यामार्फत चाले.

पोरो यांचा शिष्य असता, तर ही माणसे सुधारण्यापलीकडची आहेत असा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता. फॅनन आणि त्यांचे सहकारी झाक आझुले यांनी १९५४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून उलट कबुली दिली : चूक आमची होती. आम्ही फ्रान्समधले जीवन उचलून आणले आणि या शेतकऱ्यांवर ते लादले. यांचे घर, यांचा धर्म, यांची वडीलधाऱ्यांना मान देण्याची रीत, यांची फुरसत घालवण्याची पद्धत, यांतले काहीच आम्ही जाणून घेतले नाही.

मग त्यांनी पद्धत बदलली. वॉर्डातच पुरुषांना बसण्यासाठी तेथल्या रिवाजाप्रमाणे कहवाखाना उघडला. मुसलमानी सण पाळले जाऊ लागले. गोष्टी सांगणारा कथेकरी बोलावला. हस्तकलेऐवजी शेतकऱ्यांच्या हातात बागकामाची अवजारे दिली. मुके बसणारे रुग्ण हळूहळू त्यात भाग घेऊ लागले.

आम्हांला डॉ. फॅनन यांच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे काम वाटते. उपचार लागू पडत नसला की रोग्याला दोष देण्याचा मोह वैद्याला होतो. शिक्षकाला होतो, पाळकाला होतो, पालकांनाही होतो. फॅनन यांनी दोष प्रथम स्वतःच्या पद्धतीत शोधला आणि तो छापून जगापुढे ठेवला.

४. छळलेला आणि छळणारा

१ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. ते १९६२ पर्यंत चालले. फ्रेंच पोलीस व सैन्य कैद्यांचा अनन्वित छळ करू लागले. लवकरच फॅनन यांच्याकडे छळलेली माणसे येऊ लागली. बंडखोरांवर ते गुपचूप उपचार करीत. त्याच डॉक्टरांकडे छळ करणारे पोलीसही येऊ लागले.

या रुग्णांच्या हकिकती त्यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात नोंदल्या आहेत. एका पोलीस अधिकाऱ्याला दिवसभर कैद्यांना मारण्याची इतकी सवय झाली होती की, घरी आल्यावर तो बायकोला व लहान मुलांनाही मारू लागला. त्याची मागणी विलक्षण होती. मन न खाता आणि घर न बिघडवता आपले काम करता यावे, असा उपाय त्याला हवा होता.

दुसरा पोलीस २८ वर्षांचा होता. त्याला रात्री किंकाळ्या ऐकू येत. तो खिडक्या लावून घेई, कानांत कापूस घाली. डॉक्टर त्याला आपल्या घरी तपासत. एके दिवशी डॉक्टरांना अचानक कामावर जावे लागले, म्हणून वाट पाहता पाहता तो इस्पितळाच्या आवारात फेरी मारण्यास निघाला. थोड्या वेळाने डॉक्टरांनी त्याला एका झाडाला टेकून थरथरत, घामाने चिंब झालेला पाहिले. त्याने स्वतः छळ केलेला एक कैदी तेथे रुग्ण म्हणून होता, आणि दोघे समोरासमोर आले होते. तो रुग्ण नाहीसा झाल्याचे नंतर लक्षात आले. शोधल्यावर तो शौचालयात जीव देण्याच्या प्रयत्नात सापडला. आपल्याला पुन्हा न्यायलाच पोलीस आले, अशी त्याची खात्री झाली होती.

या दोघांचे अपराध सारखे नव्हते, आणि फॅनन यांनी ते कधी सारखे मानले नाहीत. कोणाची बाजू न्यायाची आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. पण डॉक्टर म्हणून त्यांनी दोघांचेही दुखणे खरे मानले आणि दोघांवरही उपचार केले. लूकच्या गोष्टीत लुटारू पुढे कोठे गेले, त्यांना रात्री झोप लागली काय, हे सांगितलेले नाही. फॅनन यांच्या दवाखान्यात लुटलेला आणि लुटारू हे दोघेही आले होते.

१९५६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. अल्जीरियाचा कारभार पाहणारे मंत्री रोबेर लाकोस्त यांना त्यांनी पत्र लिहिले. माणसाला त्याच्या भोवतालात परका वाटू नये यासाठी झटणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम. परंतु येथे अरब माणूस आपल्याच देशात कायमचा परका करून ठेवलेला आहे. तेव्हा अशा व्यवस्थेत हे काम करणे शक्य नाही, असा त्या पत्राचा आशय होता. जानेवारी १९५७ मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. त्याच सुमारास अल्जीरियातील फ्रेंच सैन्याचे सरसेनापती म्हणून जे आले, ते राउल सालां होते. फॅनन यांच्या शौर्यावर सही करणारेच ते गृहस्थ.

५. शेवटचे पुस्तक

यानंतर फॅनन ट्यूनिसला गेले. तेथे त्यांनी इस्पितळात काम केले आणि स्वातंत्र्य चळवळीच्या वृत्तपत्रासाठी लिहिले. १९६० मध्ये अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते घानात आक्रा येथे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. हाताशी वेळ थोडा आहे हे ओळखून त्यांनी १९६१ मध्ये काही महिन्यांतच एक पुस्तक सांगून लिहवून घेतले. त्याच्या नावाचा अर्थ ‘पृथ्वीवरील शापित’ असा होतो. ६ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील बेथेस्डा येथील इस्पितळात त्यांचे निधन झाले. वय ३६. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह अल्जीरियाच्या भूमीत पुरण्यात आला. सात महिन्यांनी, जुलै १९६२ मध्ये, तो देश स्वतंत्र झाला. ब्लिदाच्या इस्पितळाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण हिंसेवर आहे. गुलामाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या साचलेली भीती व कमीपणाची भावना शस्त्र हाती घेतल्याने धुऊन निघते, असे त्यांनी त्यात मांडले. हे मत आम्हांला मान्य नाही. मात्र सुरक्षित घरात बसून त्यांना उपदेश करणेही सोपे आहे. ज्या राज्यात अर्ज, सभा आणि मते यांना उत्तर म्हणून तुरुंग व छळच मिळाला, तेथे ते हे लिहीत होते.

आमचे उत्तर आम्ही त्यांच्याच पुस्तकातून देऊ. शेवटच्या भागात त्यांनी एका माणसाची हकिकत दिली आहे. तो नव्याने स्वतंत्र झालेल्या एका देशातील स्वातंत्र्यसैनिक. लढ्यात त्याने वरून आलेल्या आज्ञेप्रमाणे एके ठिकाणी बाँब ठेवला होता व त्यात दहा माणसे मेली होती. देश स्वतंत्र झाला. आपण केले ते चुकले, असे त्याला कधी वाटले नाही. पण दर वर्षी ती तारीख जवळ आली की त्याची झोप उडे, जीव घाबरा होई आणि जीव देण्याचे विचार मनात येत.

हिंसेने मन धुऊन निघते, असे लेखक फॅनन म्हणतात. डॉक्टर फॅनन यांच्या नोंदवहीत मात्र त्या माणसाच्या मनावरचा डाग वर्षानुवर्षे तसाच आहे. आपल्या मताला अडचणीची असलेली ही नोंद त्यांनी गाळली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही मोठा मानतो. आणि दोघांपैकी एकावर विश्वास ठेवायचा झाला, तर आम्ही डॉक्टरवर ठेवू.

६. चर्चवरील आरोप

त्याच पुस्तकात ते म्हणतात की, वसाहतीतील चर्च हे गोऱ्यांचे चर्च आहे. ते लोकांना देवाचा मार्ग दाखवण्याऐवजी धन्याच्या चालीरीती शिकवते. हा आरोप आपण झटकून टाकू नये. त्याला अपवाद होते हेही खरे. अल्जीयर्सचे कॅथलिक आर्चबिशप दुव्हाल यांनी जानेवारी १९५५ मध्येच छळाचा निषेध केला आणि त्याबद्दल तेथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचे शिव्याशाप सोसले. ‘सिमाद’ या फ्रेंच प्रॉटेस्टंट संस्थेचे कार्यकर्ते युद्धकाळात अल्जीरियात जाऊन विस्थापित लोकांमध्ये राहिले. परंतु अपवाद दाखवल्याने आरोप पुसला जात नाही. ब्लिदाच्या पहिल्या प्रयोगात झालेली चूक चर्चच्या हातूनही घडते : आपल्या सवयींनाच औषध समजून त्या दुसऱ्याला पाजणे. नारायण वामन टिळकांनी आपल्या लोकांसाठी भजन-कीर्तनाची वाट धरली, तेव्हा हीच अडचण त्यांच्या ध्यानात आली होती. ती वाट आपल्या मंडळ्यांत आज किती वापरात आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

७. आपल्यासाठी

या जीवनातून तीन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांला वाटते. पहिली, कोणी दुखते म्हणाले तर आधी ऐकून घ्यावे. ढोंग आहे की नाही हे मागाहून ठरवता येते. दुसरी, आपल्या मदतीचा उपयोग होत नसेल तर समोरच्याला कृतघ्न किंवा अडाणी म्हणण्यापूर्वी आपली रीत तपासावी. तिसरी, न्यायाची बाजू ठामपणे घ्यावी, पण अन्याय करणाऱ्यालाही जखम होते हे विसरू नये. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. स्वतः फॅनन यांनाही तिच्याशी अखेरपर्यंत झगडावे लागले.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. लूक १०:२५–३७ पुन्हा वाचा. याजक व लेवी यांनी त्या जखमी माणसाविषयी मनात काय ठरवले असेल?

२. आपल्या मंडळीत कोणाचे दुखणे लगेच खरे मानले जाते आणि कोणाला पुन्हापुन्हा सांगावे लागते? नावे न घेता चर्चा करावी.

३. मंडळीचा असा एखादा उपक्रम आठवा, ज्याला लोक आलेच नाहीत. त्या वेळी आपण दोष कोणाला दिला?

४. छळ करणाऱ्या पोलिसावर उपचार करणे योग्य होते काय? आपल्या उत्तराची कारणे द्या.